मोडलेला संकल्प

दरवर्षी १ जानेवारीला आपल्या वसतिगृहातील मुले वहीच्या पहिल्या पानावर नववर्षाचे संकल्प लिहितात. पहाटे पाचला उठणे, इंग्रजीचे रोज दहा शब्द, गणिताचा सराव. संक्रांतीनंतर वसमतच्या शिवारात हळदीची काढणी सुरू होते, घरून निरोप येतो, मूल आठ-पंधरा दिवस शेतावर जाते आणि परतल्यावर खाली मान घालून सांगते, "सर, संकल्प मोडला." मग ते पान वर्षभर उघडले जात नाही. मोडलेला संकल्प पुन्हा उचलता येतो, हे त्याला सांगण्याचे आम्हा शिक्षकांकडूनही राहून गेले, हे मान्य केले पाहिजे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी कोरेगावच्या विजयस्तंभाला भेट दिली, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र संकल्प कसा तगतो हे पाहायचे, तर त्याआधीची दहा वर्षे पाहावीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. खंड अटळ होता. त्या खंडाला त्यांनी मुदत घातली.

पुढे बडोद्यात जातीमुळे राहावयास जागा मिळेना, नोकरी सोडावी लागली. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली. १९२० मध्ये, मुदत उलटण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनमध्ये होते. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर. डी.एस्सी.चा प्रबंधही परीक्षकांनी प्रथम दुरुस्तीसाठी परत केला. तो सुधारून पुन्हा सादर केला, तेव्हा १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली.

पंचशीलाचेही असेच आहे. ते आपण एकदा घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेत नव्याने ग्रहण करतो. पालीत त्याला 'सिक्खापद' म्हणतात. त्यात शिकण्याचा भाव आहे. काल चुकलेला माणूसही आज वंदनेला बसतोच. (ही पळवाट नव्हे, हे मुलांना निराळे सांगावे लागते.)

यंदा आम्ही वहीतील ते पान बदलले. संकल्प एकच आणि मोजता येईल असा. त्याखाली दोन ओळी: खंड केव्हा पडेल, आणि परतल्यावर कोठून सुरुवात करणार. हंगाम मुलांना आमच्याआधी ठाऊक असतो. पालकांना एवढीच विनंती, की मूल नेताना परत आणण्याचा वारही सांगून जावा.

आठवीतील एका मुलीने दुसऱ्या ओळीत लिहिले आहे: "हळद शिजवून झाली की येणाऱ्या सोमवारी. अपूर्णांकांपासून."