जुन्या मोटारीची शक्ती कोठे जाते?

उत्तरपाडा येथील अँबॅसिडर मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी त्या मोटारी अद्याप रस्त्यांवर दिसतात. पेट्रोलवर चालणारी अशी मोटार चढावर धापा टाकू लागली, की दोष बहुधा कार्बुरेटरच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो खोलण्यापूर्वी चारही सिलिंडरांतील दाब मोजणे श्रेयस्कर होय. कारण हवा व पेट्रोल यांचे मिश्रण नीट दाबलेच गेले नाही, तर उत्तम ठिणगीही व्यर्थ ठरते.

एंजिन तापवून बंद करावे. ठिणगी व पेट्रोल यांचा पुरवठा तोडावा. मग सर्व प्लग काढून, दाबमापक क्रमाने एकेका छिद्रात बसवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने एंजिन फिरवावे. चार आकड्यांतील तफावत फार बोलकी असते. मागे पडलेल्या सिलिंडरात चमचाभर एंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याचे समजावे. तेलाने ती फट तात्पुरती बुजते. न वाढल्यास संशय व्हॉल्व्हवर जातो. शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले असतील, तर त्यांमधील गॅस्केट फुटले असण्याचा संभव अधिक.

मालकाच्या खिशाला हा भेद फार मोठा आहे. रिंगांसाठी सारे एंजिन खोलावे लागते. व्हॉल्व्हसाठी हेड उतरविणे बहुधा पुरे होते. कित्येकदा तेही नको! टॅपेटची फट अपुरी राहून व्हॉल्व्ह पुरता मिटत नसेल, तर फीलर गेज आणि पाना यांवर काम भागते. मात्र तेथे विलंब परवडत नाही. व्हॉल्व्ह बैठकीला टेकूनच निवतो, आणि टेकलाच नाही तर त्याची कड जळते.

चारही आकडे समान व पुरेसे आले, तरच कार्बुरेटरकडे व ठिणगीच्या वेळेकडे वळावे. तत्पूर्वी एखादे चाक ब्रेक अडकून तापत नाही ना, हेही हात लावून पाहावे.