मत एका घरी, शाळा दुसऱ्या घरी

राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींचे निकाल 21 डिसेंबर 2025 रोजी लागले आणि अनेक शहरांमधली प्रशासकीय राजवट संपली. कोणत्या पक्षाचे किती नगराध्यक्ष, हा हिशोब लगेच मांडला गेला. शहरातल्या प्राथमिक शाळांना या निकालातून काय मिळणार, याचा हिशोब मात्र कुणी मांडला नाही, आणि बऱ्याच गावांत तो मांडताही येत नाही. कारण तिथे शाळा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांना निवडण्याचा अधिकार पालकांना नाही.

2014 मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचा निर्णय झाला. गावाचे शहर झाले, घरपट्टीची पावती बदलली, पण मराठी शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिली. कुडाळ, वैभववाडी, शहापूर, मुरबाड अशा नगरपंचायतींचे निकाल जानेवारी 2022 मध्ये लागले. तिथला मतदार नगरसेवक निवडतो, जिल्हा परिषद सदस्य निवडत नाही. वर्गाचे छप्पर गळू लागले की मुख्याध्यापकांचा अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे निवडून आलेल्या सदस्याला या वस्तीतून एकही मत पडलेले नसते. उलट शाळेसमोरचे गटार, नळ आणि रस्ता ज्या नगरसेवकाकडे आहेत, तो छपराचा विषय निघाला की ‘इमारत आमची नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, हीच खरी अडचण आहे.

शाळेची जबाबदारी नगरसेवकांवरही टाकावी असे सुचवले, की शाळेत राजकारण नकोच, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. महापालिका-नगरपालिकांची शिक्षण मंडळे गणवेश-वह्यांच्या खरेदीवरून बदनाम झाली आणि 2013 साली ती बरखास्त करण्याचा कायदा झाला. पण खरेदीतला गैरव्यवहार रोखणे वेगळे आणि जाब विचारण्याची जागाच काढून घेणे वेगळे. 1918 च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांच्या हाती दिला होता. लोकनियुक्त सभेवर एवढी मोठी जबाबदारी टाकताना तेव्हाच्या कायदेकर्त्यांना धोका दिसत नव्हता, असे मानायचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, हे उत्तरही अपुरे आहे. समिती मागणी करते, तिजोरीची किल्ली तिच्याकडे नसते. नगरपालिकेची स्वतःची शाळा असली म्हणजे सारे आपोआप सुधारते, असेही नाही. मात्र कराडच्या नगरपालिका शाळा क्रमांक 3 मध्ये पालक प्रवेशासाठी गर्दी करतात, तेव्हा ‘पालिकेची शाळा म्हणजे नाइलाज’ हा समज तरी टिकत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. लहान नगरपंचायतीला शिक्षकांचे पगार पेलणार नाहीत हे उघड आहे, आणि तशी मागणीही नाही. पगार आणि भरती राज्याकडेच राहू द्यावी. इमारत, स्वच्छतागृह, पाणी आणि वीजबिल मात्र ठरावीक अनुदानासह नगरपंचायतीकडे सोपवावे. नगरपरिषदांच्या कायद्यात शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समितीची तरतूद आहेच. गावातली प्रत्येक शाळा, मालकी कुणाचीही असो, या समितीच्या विषयपत्रिकेवर यायला हवी आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दिसायला हवा. मग पुढच्या निवडणुकीत प्रचाराला आलेल्या उमेदवाराला पालक त्या रकमेचे काय झाले ते विचारू शकतील.