वत्सगुल्म पाहायला जाणाऱ्याने काय पाहावे?

अकोला-पूर्णा लोहमार्गावर वाशीम उतरले आणि "वाकाटकांची राजधानी कोठे आहे?" असे विचारले, तर कोणीही बोट दाखवू शकणार नाही. तो दोष गावकऱ्यांचा नव्हे. दाखवण्याजोगा वाडा, तट किंवा वाकाटककालीन देऊळ गावात उभेच नाही. प्रवासी बालाजीच्या देवळात जातो, देवतलाव पाहतो, पद्मतीर्थावर हातपाय धुतो. यांतले बालाजीचे देऊळ अठराव्या शतकातले. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या भवानी काळू यांनी ते बांधवले. देऊळ देखणे आहे, पण वत्सगुल्माच्या वैभवाला तेव्हा तेरा शतके उलटून गेली होती.

मग हेच गाव वत्सगुल्म, हे कशावरून? स्थलमाहात्म्य वत्स ऋषींची कथा सांगते. इतिहासाला मात्र तांब्याचे पत्रे लागतात, आणि ते वाशीमलाच मिळाले. विंध्यशक्ती दुसरा ऊर्फ विंध्यसेन याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला हा ताम्रपट 1939 साली अभ्यासकांपुढे आला. नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर विभागातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ही सनद. दानपत्र म्हणून त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ती वंशावळ: पहिला प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यसेन. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करणाऱ्या ज्येष्ठ शाखेखेरीज वाकाटकांची दुसरी शाखा होती आणि तिचे ठाणे येथे होते, हे या पत्र्यांनी उघड केले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखात एका राजाचे नाव आधी भलतेच वाचले गेले होते. ते 'सर्वसेन' आहे हे वा. वि. मिराशींना पक्के करता आले, तेही या ताम्रपटाच्या आधाराने.

म्हणून माझे म्हणणे असे की, वत्सगुल्माचे अवशेष पाहायचे असतील तर अजिंठ्याला जावे. सोळावे लेणे कोरवणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले अजिंठ्याचे बहुतेक वैभव हरिषेणाच्या काळातले, असे वॉल्टर स्पिंक आयुष्यभर मांडत राहिले. त्यांच्या कालगणनेवर मतभेद आहेत, हरिषेणाच्या सत्तेबद्दल नाहीत. अजिंठा जगाला ठाऊक आहे, आणि त्या राजांचे गाव आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना ठाऊक नाही!

ताम्रपटाकडे पुन्हा येऊ, कारण त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. वंशावळ संस्कृतात, आणि प्रत्यक्ष दानाचा, हक्कांचा, सवलतींचा मजकूर प्राकृतात. राजाची थोरवी देववाणीत सांगायची आणि गावकऱ्याला जे समजले पाहिजे ते लोकांच्या भाषेत, अशी ही वाटणी दिसते. विंध्यसेनाचा बाप सर्वसेन तर स्वतः प्राकृत कवी. त्याचे 'हरिविजय' हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतातले, सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणल्याच्या कथेवरचे. ते आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती अलंकारग्रंथांत उद्धृत झालेली पद्ये. रसासाठी मूळ कथेत फेरफार करण्याचे उदाहरण म्हणून आनंदवर्धन कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतो. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावून दिले आहे, आणि वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' हे नावच या गावावरून पडले. वाङ्मयाच्या वाचकाला याहून मोठे स्थळ कोणते हवे?

जुन्या नगरावर नवे गाव वसले की काय होते, याचे बोलके उदाहरण ग्रीसमधले थीब्ज. ईडिपसच्या कथेतले हे शहर आज एक लहानसे गाव आहे आणि प्राचीन गढी त्याच्या घरांखाली आहे. तेथे 1993 साली पाण्याच्या नळासाठी खणताना लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्या निघाल्या. डेल्फीचे उत्खनन करताना फ्रेंचांनी त्यावर वसलेले अख्खे गाव बाजूला हलवले होते. तसे वाशीमचे होणार नाही, होऊही नये. पण घराचा पाया, गटार, नळ खणताना निघणारी वीट आणि खापर कोणीतरी जाणत्याने पाहिले पाहिजे, एवढी व्यवस्था थीब्जसारखी येथे असायला हरकत नसावी.

जिल्हा 1998 चा असला तरी ब्रिटिश अमदानीत 1905 पर्यंत 'बासीम' हा वेगळा जिल्हा होताच. आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी या तीर्थावर लिहिले आहे. दिगंबर-श्वेतांबर वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, देऊळ चार दशकांवर बंद राहिले आणि 2023 मध्ये उघडले. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी.

कारंज्याला मात्र सवड काढून जावे. दत्तभक्त नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानासाठी जातातच. पण तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन मंदिरांपाशी थोडे थांबावे. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडावरचे कोरीवकाम सुंदर आहे, आणि त्याहून मोलाचे आहेत ते येथील हस्तलिखितांचे भांडार. मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची यादी 1926 मध्ये छापली गेली तेव्हा येथल्या अपभ्रंश पोथ्या विद्वानांच्या नजरेत भरल्या. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' 1931 मध्ये संपादले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ', 'पाहुडदोहा', 'करकंडचरिउ' ओळीने काढली. ज्ञानेश्वरीतल्या 'देवु', 'जीवु' अशा रूपांतला शेवटचा उकार कोठून आला, हे ही पुस्तके उघडून पाहिले की ध्यानात येते: 'चरिउ'चा आणि 'देवु'चा उकार एकाच घरचा.