सणाची उचल

ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम मजुराच्या हातात जी रक्कम ठेवतो, तिला उचल म्हणतात. अजून न केलेल्या कामाचे पैसे आधी घ्यायचे आणि मग कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, फडात राबून ते फेडायचे. एसटी कर्मचाऱ्यांना दिवाळीला जी आगाऊ रक्कम मिळते तिलाही सण उचलच म्हणतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सणासाठी 10,000 रुपये बिनव्याजी दिले आणि ते 10 हप्त्यांत कापून घ्यायचं ठरवलं, तीही उचलच. शहरातला पगारदार माणूस हा शब्द स्वतःसाठी वापरत नाही. पण धनत्रयोदशीला हप्त्यावर आलेला फोन आणि कार्डावर घेतलेले कपडे यांचा अर्थ तोच आहे: पुढच्या महिन्यांचे श्रम आज विकले गेले. सणात किती खर्च झाला याची चर्चा घरोघरी होते. तो पैसा मागच्या महिन्यांतून आला की पुढच्या, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही, आणि घराची ओढाताण ठरते ती नेमकी तिथे.

खरं तर सण हा अचानक उद्भवणारा खर्चच नाही. आजारपण सांगून येत नाही, दिवाळी सांगून येते, आणि तिची तारीख वर्षभर भिंतीवर टांगलेली असते. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला; मध्ये जेमतेम आठ आठवडे. एवढ्यात गणपतीचं डेकोरेशन, गावी जाण्याचं भाडं, गौरींच्या साड्या, घटस्थापना, दसरा आणि लगेच फराळाचा किराणा, पाडव्याची आणि भाऊबिजेची ओवाळणी असं सगळं येतं. त्यात अधिक ज्येष्ठ असल्याने जावयाचं धोंड्याचं वाणही याच वर्षी. एका पगारात हे मावणार नाही हे प्रत्येक गृहिणीला जानेवारीतच ठाऊक असतं. तरी तरतूद सुरू होते ती श्रावण सरताना, आणि मग हात बोनसकडे जातो. कायद्याने किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा. पण तो ज्या वेतनावर मोजतात त्यालाच मर्यादा असल्याने प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम पुष्कळदा एका पगाराहून कमी भरते.

मग उचलीची किंमत बघू. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावात खर्च नसल्याचं आश्वासन आहे. पण शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज दुसऱ्या नावाने वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. आजच्या योजनेत व्याजाइतकी सूट वस्तूच्या किमतीत दाखवतात आणि बँक आपलं व्याज लावतेच. 30,000 रुपयांचा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर 15 टक्के असेल, तर त्यात साधारण 1,270 रुपये व्याज दडलेलं असतं. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे, शिवाय प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत गेली ती वेगळीच. तरीही हप्ता बरा म्हणावा अशी अवस्था कार्डाची थकबाकी करते. समजा 20,000 रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज 700, जीएसटी 126. बिलावर छापलेली किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 1,000 रुपये भरले, तर मुद्दल घटतं फक्त 174 रुपयांनी. भाऊबिजेची साडी पुढच्या भाऊबिजेपर्यंत फिटत नाही ती अशी.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. आपण होऊन पैसे बाजूला ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. हप्ता मात्र चुकत नाही, म्हणजे हप्ता ही एक सक्तीची बचतच झाली. सक्तीची गरज खरी आहे. पण तीच सक्ती आपल्या बायकांनी भिशीतून कधीच साधली आहे, आणि तीही व्याज न भरता. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी कुणाच्याही नावाची निघो, पैसे न दिले तर शेजारणीसमोर मान खाली. जोखीम एवढीच की भिशी विश्वासावर चालते, पैसे बुडाले तर दाद मागणं अवघड. म्हणून ती ओळखीपुरती आणि छोटी असावी. मोठ्या रकमेसाठी बँकेचं आवर्ती खातं बरं. महिन्याला 2,000 रुपये, साडेसहा टक्क्यांनी, वर्षाअखेर 24,000 आणि वर आठशेच्या आसपास व्याज. सहा हप्त्यांचा फोन याच शिस्तीने आधी साठवला, तर व्याज देणारा घेणारा होतो.

दुसरा आक्षेप भावनेचा: सणात हिशेब आला की आनंद गेला. मला हे पटत नाही, कारण आनंदाच्या गोष्टी मुळात महाग नाहीत. चकलीची भाजणी, उटणं, दारातली रांगोळी, मुलांचा किल्ला यांनी कुणाचं घर कर्जात गेलेलं नाही. आकडा फुगतो तो मुहूर्ताच्या नावाखाली घेतलेल्या वस्तूंनी. धनत्रयोदशीच्या दागिन्यात घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी सोन्याच्या भावावर चढतात. मोडायला गेलं की ते परत येत नाहीत. मुहूर्त साधायचा तर एक ग्रॅमचं नाणंही तो साधतं.

ज्यांची कमाईच हातातोंडाशी आहे त्यांना हा सल्ला लागू नाही, हे कबूल करायला हवं. घरकाम करणाऱ्या मावशींना बोनसचा कायदा लागू नाही. त्यांची दिवाळी आपण देऊ तेवढीच. आपल्या सणाच्या तरतुदीत त्यांचा एक पगार पहिल्या ओळीत लिहावा, आणि तो वसुबारसेच्या संध्याकाळी न देता पंधरा दिवस आधी द्यावा, म्हणजे त्यांच्या घरचा रवा-बेसन-तेल वाण्याच्या उधारीच्या वहीवर चढत नाही.