काळे सदरे, पांढरा झगा

बेनितो मुसोलिनी तरुणपणी नास्तिक होता आणि ते तो मिरवत असे. बाप समाजवादी लोहार, आई श्रद्धाळू शिक्षिका. पोरगा बापाच्या वळणावर गेला. १९०४ साली स्वित्झर्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाशी जाहीर वाद घालून त्याने देव नसल्याचे सांगणारी पुस्तिका काढली. १९१० मध्ये एका कार्डिनलच्या रखेलीवर कादंबरी लिहून ती वृत्तपत्रात क्रमशः छापली. १९१९ च्या फॅसिस्ट जाहीरनाम्यात धार्मिक संघांची मालमत्ता जप्त करण्याची मागणी होती. पुढच्या दहाच वर्षांत पोप अकरावे पायस यांनी याच माणसाला ईश्वरी योजनेने भेटवलेला पुरुष म्हटले.

मुसोलिनीला मधल्या काळात काही साक्षात्कार झाला नव्हता. ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्ता हाती आली आणि ती टिकवायला पाद्री लागणार, हे त्याला कळले. शाळांच्या भिंतींवर क्रूस परतले, प्राथमिक वर्गांत धर्मशिक्षण आले. त्याने मुलांचा बाप्तिस्मा करवला आणि १९१५ मध्ये नोंदणी पद्धतीने झालेले स्वतःचे लग्न १९२५ मध्ये चर्चच्या विधीने पुन्हा लावले.

याची किंमत चर्चने आपल्याच माणसांत मोजली. लुईजी स्तुर्त्सो या सिसिलीच्या पाद्र्याने १९१९ मध्ये कॅथलिक जनतेचा लोकशाहीवादी पक्ष उभा केला होता. तो फॅसिस्टांना नडत होता. व्हॅटिकनच्या दबावाने स्तुर्त्सोंना १९२३ मध्ये पक्षाचे चिटणीसपद सोडावे लागले, पुढच्या वर्षी देशही. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये अर्जेंता गावचे पाद्री जोव्हान्नी मिंझोनी यांना फॅसिस्ट गुंडांनी काठ्यांनी मारून ठार केले. तरीही तडजोडीची बोलणी झाली, आणि ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाला. पोपला ४४ हेक्टरांचे स्वतंत्र राज्य, ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटींचे रोखे मिळाले. पुढच्याच महिन्यात फॅसिस्टांच्या एकाच उमेदवार-यादीवर हो-नाही असे मतदान होते, आणि गावोगावचे पाद्री ‘हो’ म्हणा असे सांगत होते.

१९३१ मध्ये फॅसिस्टांनी कॅथलिक युवक संघटनांवर हात टाकला, तेव्हा पोपनी कडक पत्रक काढले हे खरे. पण स्वतःच्या संस्थांसाठी उठलेला तो आवाज इथिओपियासाठी तितका चढला नाही.

इथिओपिया चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने त्या देशावर स्वारी केली, आणि त्याच महिन्यात मिलानच्या कॅथेड्रलमध्ये कार्डिनल शुस्टर म्हणाले की इटलीचा ध्वज तिथे ख्रिस्ताचा क्रूस घेऊन चालला आहे. डिसेंबरमध्ये बायकांनी लग्नाच्या अंगठ्या युद्धनिधीत टाकल्या, बिशपांनीही सोने दिले. विमानांतून मस्टर्ड वायू टाकला जात होता. मे १९३७ मध्ये सेनापती ग्रात्सियानीच्या हुकमाने देब्रे लिबानोस मठातील साधूंना आणि उपासकांना गोळ्या घातल्या. त्याच्याच तारांप्रमाणे बळी चारशेहून अधिक होते. नंतरच्या संशोधकांनी आकडा याच्या कैक पट धरला आहे. क्रूस घेऊन निघालेल्या फौजेने क्रूसधारी साधू मारले. ढोंगाचा याहून नागडा दाखला मला ठाऊक नाही.

मुसोलिनीचे चाहते देशाबाहेरही होते. चर्चिल यांनी १९२७ मध्ये रोममध्ये त्याची तोंडभर स्तुती केली. आपल्याकडचे डॉ. बा. शि. मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेनंतर १९ मार्च १९३१ रोजी पालात्सो व्हेनेत्सियात त्याला भेटले, मुलांच्या कवायती पाहून भारावले, आणि १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला सैनिकी शाळा काढली. मुलांनी धडधाकट व्हावे ही इच्छा वाईट नव्हेच. पण मुंजे ज्या लंडनहून आले, तिथेच स्तुर्त्सो परागंदा जिणे जगत होते. रवींद्रनाथ ठाकूर यांनाही १९२६ मध्ये इटलीत असाच थाट दाखवला गेला होता. त्यांनी मात्र बाहेर पडल्यावर परागंदा इटालियनांचे ऐकून घेतले आणि फॅसिझमचा जाहीर निषेध केला. बलवान नेत्याची पारख करायची तर आधी त्याने हाकललेल्या माणसाला भेटायला हवे. मुंजे, चर्चिल आणि पोप तिघेही इथे चुकले, आणि त्यातला पोपचा दोष सर्वांत मोठा, कारण मिंझोनी त्यांचाच पाद्री होता.

इथिओपियातील कत्तलींसाठी ग्रात्सियानीवर कधीच खटला चालला नाही. नाझींना साथ दिल्याबद्दल १९५० मध्ये १९ वर्षांची शिक्षा झाली, पण काही महिन्यांतच तो सुटला. २०१२ साली इटलीतील आफिले गावात सार्वजनिक पैशातून त्याचे स्मारक बांधण्यात आले.