घोरपड म्हणजे हदीसमधला ‘ज़ब’ नव्हे

गुडघे धरले, कंबर आखडली की ‘घोरपडीचं तेल लावा’ असं सांगणारं कुणीतरी घरात निघतंच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बांधावर, ओढ्याच्या कपारीत घोरपड अजून दिसते, त्यामुळे तेलावरून गोष्ट मटणावर जाते. मग कुणी दाखला देतं, “सहाबांनी गोह खाल्ली होती की!”

घोळ इथेच आहे. अरबी शब्द आहे ‘ज़ब’. हज़रत मैमूना (रज़ि.) यांच्या घरी तो भाजून समोर आला तेव्हा नबी करीम (स.) यांनी हात आवरला. आपल्या मुलखात हा प्राणी नसतो, म्हणून मन घेत नाही, असं कारण सांगितलं. हराम मात्र म्हटलं नाही. हज़रत ख़ालिद बिन वलीद (रज़ि.) यांनी तो खाल्ला. उर्दू तर्जुम्यांत बऱ्याच ठिकाणी त्याचा ‘गोह’ झाला आणि गोह म्हणजे आपली घोरपड! खरा ज़ब वाळवंटातला, काटेरी शेपटीचा, मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा. त्याचा भाऊबंद कच्छ-राजस्थानात आहे, तो सांडा. घोरपडीला अरबीत ‘वरल’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘वॅरॅनस’ त्यावरूनच पडलं. सुंदरबनच्या खारफुटीत पोहणारी पाणघोरपड याच कुळातली. ही मंडळी शिकारी. किडे, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर, काहीही चालतं. आणि हनफ़ी फ़िक़्हमध्ये तर ज़बसुद्धा मकरूह आहे, तेव्हा त्या दाखल्यावर घोरपड शिजवणं दूरच राहिलं.

तेलाने सांधे बरे होतात याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. त्याहून वाईट प्रकार ‘हत्था जोडी’चा. बरकतीची दुर्मीळ मुळी म्हणून ती विकली जाते. 2017 मध्ये प्रयोगशाळेतल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा ती मुळी नसून नर घोरपडीचा वाळवलेला गुप्त अवयव असल्याचं उघड झालं. तिजोरीत लाल कपड्यात जपून काय ठेवलं होतं, हे कळल्यावर कितीजणांची झोप उडाली असेल!

शेतकऱ्याच्या घरात तर घोरपडीचा राग यायचं कारणच नाही. उंदीर आणि हुमणीसारख्या अळ्या ती फुकट खाते. कोंबडीची अंडी पळवते हेही खरं, खुराडं नीट बंद करावं लागतं.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. मारणं, पकडणं, मांस वा तेल विकणं, सगळ्याला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. घरात शिरलीच तर काठी न उचलता दार उघडं ठेवावं, मुलांना लांब करावं आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावावा.