दिव्यातले तेल

पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर हे गाव लागते. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेच्या फुगवट्याने या पट्ट्यात ऊस उभा राहिला. पण मुळात हा मुलूख अवर्षणाचा. येथला जिरायती शेतकरी रान नांगरून, कुळवून, काडीकचरा वेचून ठेवतो आणि उत्तरा-हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही. परंतु पाऊस येईल त्या दिवशी रान तयार नसेल, तर वापसा त्याच्यासाठी थांबत नाही आणि ज्वारीची पेरणी हुकते.

बायबलातल्या याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला म्हणून असाच एक शेतकरी दिला आहे. पॅलेस्टाइनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पेरणीसाठी येतो, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, कणीस भरताना. या दोन पावसांची वाट पाहणारा माणूस रिकामा बसलेला नसतो, हे आपल्याकडच्या कुणब्याला फोड करून सांगावे लागत नाही.

आता घरोघर पणत्या लागतील. दिवाळी सरली, की थोड्याच आठवड्यांत ख्रिस्ती कुटुंबांत आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार हे वाट पाहण्याचे आणि मनाच्या तयारीचे. या संदर्भात येशूचा एक दृष्टान्त नेहमी आठवतो, आणि तोही दिव्यांचाच आहे. दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघाल्या. पाचजणींनी जादा तेल बरोबर घेतले, पाचजणींनी घेतले नाही. वराला उशीर झाला. मध्यरात्री हाक आली तेव्हा पाच दिवे विझू लागले होते. शहाण्या मुलींनी तेल वाटून देण्याचे नाकारले. बाकीच्या तेल आणायला गेल्या, आणि परत येईतो दार बंद झाले होते.

या गोष्टीतली एक बारीक खूण पुष्कळांच्या नजरेतून सुटते. वराला उशीर झाला तेव्हा दहाहीजणी झोपी गेल्या होत्या! म्हणजे रात्रभर टक्क जागे राहण्याची अपेक्षा कुणाकडूनच नव्हती. फरक पडला तो आधी भरून ठेवलेल्या तेलाने.

आणि तरीही मन थोडे खट्टू होतेच. शेजारणीला वाटीभर तेल न देणारे हे शहाणपण कसले? याचे उत्तर मला आपल्याच साहित्याच्या इतिहासात सापडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण आपले सोवळेओवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच्या वाटेने जाऊन ओळखले, आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या वाचकांना ही कहाणी ठाऊक आहेच. प्रेम, पैसा, आसरा हे सारे माणूस माणसाला देऊ शकतो. श्रद्धा मात्र नवऱ्यालाही बायकोला उसनी देता येत नाही. दुसऱ्याचा दिवा भरेपर्यंत थांबणे एवढेच आपल्या हाती असते.

लोणी देवकरहून पुण्याकडे येताना दौंड तालुक्यात केडगावचा फाटा लागतो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन येथले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. परंतु त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, हे सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले. एवढ्या विदुषीलाही थांबावे लागले! १८९६-९७च्या दुष्काळात होरपळलेल्या मुलींना त्यांनी केडगावी आणले. या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून भाषांतर करू लागल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे आश्रमातल्याच स्त्रिया करीत. काम वर्षानुवर्षे चालले. दरम्यान १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. प्रकृती खालावली, तरी हातातली लेखणी सुटली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली.

तो छापील ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही, याची हळहळ वाटते. पण मध्यरात्री हाक आली तेव्हा त्यांचा दिवा भरलेला होता.

वाट पाहणे कोणाच्याही घराला चुकलेले नाही. कुणाकडे आजारी माणसाची उशागती असते, कुणाकडे दूरदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची ओढ, तर कुणाचे रुसलेले माणूस परतायचे असते. घटका केव्हा येईल ते आपण ठरवीत नाही. मात्र आजचे औषध वेळेवर देणे, आजचे पत्र लिहून टाकणे आणि परतणाऱ्यासाठी मनात कडवटपणा साठू न देणे, एवढे आपल्याला करता येते. तेल असे थेंबाथेंबानेच साठते. यंदा पणती लावताना वातीबरोबर तिच्यातल्या तेलाकडेही आपण क्षणभर पाहावे.